पायी येणारी मुलं

पुनावळ्यातल्या शाळेच्या रस्त्याला फुटपाथ आणि सायकलसाठी वेगळी वाट व्हावी, म्हणून मुख्याध्यापिका नीलिमाबाईंनी सरकारी योजनेत अर्ज केला होता. पाहणीला आलेला तरुण इंजिनिअर सकाळी सात वाजता त्यांच्यासोबत गेटपाशी उभा राहिला. समोरून डंपर धुरळा उडवत जात होते. मुलं येत होती ती रिक्षातून, नाहीतर आईबापांच्या स्कूटरवरून.

"मॅडम, चालत किंवा सायकलवर एकही मूल आलं नाही. मग निधी कोणासाठी मागायचा?"

"अहो, रस्ता असा आहे म्हणूनच कोणी चालत येत नाही!"

"पटतंय मला. पण फॉर्ममध्ये चालणाऱ्यांची संख्याच विचारलीय. शून्य लिहून कसं पाठवू?"

नीलिमाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. उद्यापासून चालत या, असं मुलांना सांगायचं? या डंपरांमधून?

मुलीला, निशिगंधाला, सोडायला आलेल्या कुसुमताई हे सगळं ऐकत होत्या. त्यांची कंपनीची शिफ्ट सुरू व्हायला आली होती. तरी त्यांनी स्कूटर वळवली, निशिगंधाला पुन्हा चौकात नेलं आणि तिथून तिचा हात घट्ट धरून डंपरच्या कडेकडेने चालत आल्या.

"लिहा साहेब," त्या धापा टाकत म्हणाल्या, "एक."