पैसा उरतो कसा

“बाकीच्या कंपन्या धंद्यातून कमावलेलं सगळं नव्या यंत्रांत घालून बसतात. तुमचा मात्र जवळजवळ सगळा पैसा हातात उरतो!” वार्षिक सभेहून निघालेले बडे गुंतवणूकदार कंपनीच्या कुरकुरत उतरणाऱ्या लिफ्टमध्येही आमच्या फायनान्सच्या साहेबांची पाठ थोपटत होते. साहेब नुसते फुलून गेले होते. मी कोपऱ्यात फायली सांभाळत उभा.

“खरं सांगा, हे जमवता तरी कसं?”

तेवढ्यात लिफ्टला जोराचा गचका बसला आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दिवा गेला, पंखा थांबला. साहेबांनी धोक्याची घंटा दाबली, पुन्हा दाबली, मग अंगठा दाबूनच धरला. घंटा काही वाजेना.



अंधारात साहेब हळूच म्हणाले, “हे असं.”