लाइनवर काहीतरी

सहा वाजून बत्तीस मिनिटांनी डब्यावरचा दिवा लाल झाला.

"आला फॉल्ट," नेटचं काम करणारा मिथुन म्हणाला. याचसाठी तो बोईसरहून येऊन अर्धा तास वाडीतल्या खोलीत बसला होता.

हेमांगीच्या लॅपटॉपवर बोलणाऱ्या बाईचं तोंड अर्धं उघडं राहिलं, मग पडदा काळा झाला. तिनं लॅपटॉप मिटला. असे पांढरे डबे दोन होते. एक घरात राउटरशेजारच्या सॉकेटात, दुसरा इथे. दोन्हींमधल्या विजेच्या वायरीतूनच नेट यायचं. बाबांनी दिवाळीत मागवले होते, तिनं मुंबईहून येऊन इथे बसून काम करावं म्हणून. आता ती बसत होती. घरी अजून भेटायला येणारी माणसं असायची.

"डबा एकदम ओके हाय, मॅडम. लाइन पे कुछ लग रहा है. फ्रिज, मोटर, सगळं बंद केलं ना?"

"सगळं."

"मग बाजूला कोणी वेल्डिंग मारतो काय? आमच्या सालवडला एक जण मारतो. अख्ख्या चाळीचा पिक्चर अडकतो."

"इथे चिकू आहेत, मिथुन. चिकूंना कोण वेल्डिंग करणार?"

तो हसला. तिच्या मोबाइलवर त्यानं डब्याचं ॲप उघडलं. दिवाळीपासूनच्या तारखा, प्रत्येक तारखेपुढे एक पट्टी. दिवसभर हिरवी, साडेसहाच्या सुमाराला लाल, ती थेट सकाळपर्यंत. त्यानं वरच्या चार-पाच तारखा बघितल्या आणि हसणं थांबवलं.

"रोज, टायमावर. कोई बटन दबाता है."

खोलीला मधोमध भिंत होती. पलीकडची अर्धी खोली वामनकाकांची. तिथे खतं, फवारणीचा पंप आणि दाराला कुलूप. वीज दोन्हीकडे बाबांच्या घरातूनच यायची. मिथुन बाहेर जाऊन काकांच्या खिडकीखाली उभा राहिला. खिडकीच्या गजातून एक निळी वायर खाली उतरली होती. तिच्यावर नारळाच्या झावळ्या टाकलेल्या होत्या, एकापुढे एक, थेट मागच्या बांधापर्यंत.

दोघं झावळ्यांच्या कडेनं चालत गेले. चिकूंखाली अंधार लवकर होतो.

चोवीस दिवसांपूर्वी बाबा याच बांधावर पडलेले सापडले होते. सापडले ते वामनकाकांना. डॉक्टरनं हार्ट अटॅक लिहून दिला. "एका क्षणात गेला दादा, वहिनी. तरास नाय झाला," असं काका आईला म्हणाले होते. आई ते वाक्य धरून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची आणि सांगून झालं की थोडं जेवायची.

बांधापलीकडे काकांचं कोनफळ होतं. वेलांच्या अलीकडे, गुडघ्याच्या उंचीवर, बांबूच्या खुंट्यांना एक बारीक तार ताणलेली होती. तारेला टेकलेलं गवत टोकाला काळं पडलं होतं. कुठेतरी चर्र आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. हेमांगी झावळी उचलायला वाकली.

मिथुननं तिची बाही धरून मागे ओढलं. मग खिशातला टेस्टर काढून, हात लांब करून तारेला लावला. टेस्टरमधला दिवा पेटला.

"झटका मशीन पण नाय लावलं. डायरेक्ट लाइन. हीच तुमचं नेट पाडते," तो हळू आवाजात म्हणाला. "मशीन असतं तर झटका देऊन सोडतं. हे सोडत नाय."

मागून बॅटरीचा झोत आला.

"काय गो हेमा, काय शोधतंस?" वामनकाका होते. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"संध्याकाळी नेट जातं, काका. हा मिथुन, ते बघायला आलाय."

"नेट इकडे बांधावर हाय?" काका मिथुनकडे बघून हसले. मिथुन हसला नाही. झोत तारेवर गेला, टेस्टरवर गेला, परत हेमांगीच्या पायाशी आला. "डुकरां येतात. एक कोनफळ ठेवत नाय. सगळेच लावतात गो."

"धोक्याचं आहे हे."

"आमी दुसऱ्या कोणाला येऊ देत नाय इकडे." त्यांनी झोत बांधाकडे वळवला. "आणि ही तार दादा गेल्यावर लावलीय. तेव्हा नव्हती."

तिनं त्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

मोबाइल तिच्या हातात होता. ती अंगठ्यानं यादी खाली सरकवत गेली. काल, परवा, तेरावा, दहावा. सगळीकडे लाल पट्टी सकाळपर्यंत. मग ती तारीख. त्या दिवशीही दिवा सहा चाळीसला लाल झाला होता. पण त्या एका दिवसाची पट्टी आखूड होती. सात वाजून दहा मिनिटांनी लाइन पुन्हा हिरवी झाली होती, आणि रात्रभर हिरवीच राहिली होती.

त्या संध्याकाळी वीज गेली नव्हती; आई टीव्हीवरच्या बातम्या लावून बसली होती आणि हेमांगी फोनवर तिच्याशीच बोलत होती. दारात येऊन काकांनी मारलेली हाक हेमांगीनं मुंबईत फोनवरूनच ऐकली होती. तो कॉल अजून तिच्या फोनमध्ये होता. आठला पाच कमी असताना तुटलेला.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "सात दहाला तुम्ही बटण बंद केलंत. घरी आलात आठ वाजता. मधे बाबा जिवंत होते का?"

वामनकाकांनी बॅटरी विझवली.

वाडीत काहीच दिसेना. तारेचा चर्र आवाज तेवढा येत होता, नक्की कुठून ते कळत नव्हतं.

"मॅडम," मिथुन अंधारात म्हणाला, "जागेवरून हलू नका."