ग्लासमेकर्सचा शेवटचा डाव

"त्या हॅनिगनला बॅट धरायला कुणी शिकवलं रे? मेला झाडू धरल्यासारखी धरतो!" आतल्या खोलीतून ओपलची कुरकुर ऐकू आली.

लेस्टरने माइकवर हात ठेवला. "ऐक की जरा, ताई. अजून सामना संपला नाही."

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. गावची बेसबॉल टीम, ग्लासमेकर्स, परगावी खेळत असली की तिथून तार यायची, 'हॅनिगन बाद' एवढीच. बाकीचं त्याने रचायचं: चेंडू, धूळ, पंचाशी भांडण. लाकडी रिळावर पेन्सिल आपटली की बॅटचा टोला, तबकडी लावली की गर्दीचा गलका. वीस वर्षं त्याचं हेच काम. आधी रेडिओच्या कचेरीत. एप्रिलपासून, ओपलने अंथरूण धरल्यावर, घरी. माइकची वायर दाराखालून तिच्या उशाशी ठेवलेल्या स्पीकरला गेली होती.

डोळे जाईपर्यंत ओपलने टीमचे कपडे शिवले. १९२१ साली काचकारखान्याच्या या टीमने लीग जिंकली तेव्हा कामगार भट्ट्या सोडून रस्त्यावर नाचले होते. मग मंदी आली, मालक बदलले, घरोघरी टेलिव्हिजन आले. ग्लासमेकर्स तळाला जे बसले ते उठलेच नाहीत.

"मरायच्या आधी एकदा जिंकलेले ऐकायचेत मला," ती म्हणे. डॉक्टरांनी लेस्टरला बजावलं होतं, तिला धक्का सोसायचा नाही.

शेजारची डोरा मक्याचा पाव घेऊन आली.

"डोरा, तू तरी बोल गं," ओपल ओरडली. "हल्ली टीमचं नावच कुणी काढत नाही."

"काढण्यासारखं आहे काय त्यात!" डोराने ताटली ठेवली आणि लेस्टरकडे न बघता निघून गेली.

"आणि आपल्या मैदानावर कधी खेळणार रे?"

"सांगितलं ना, स्टँडची दुरुस्ती चाललीय. ठोकाठोक ऐकलीस की तू."

"ऐकली ना."

नववा, शेवटचा डाव. एका धावेची पिछाडी, तीनपैकी दोघे बाद, दोन बेसवर आपली माणसं. एक टोला लागला तर सामना खिशात. बॅटिंगला हॅनिगन.

लेस्टरने पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. ओपलला हे खरं वाटेल?

"हॅनिगनने तिसऱ्यांदा बॅट फिरवली..." पेन्सिल रिळाच्या वर तशीच राहिली. "...आणि चुकला. ग्लासमेकर्स हरले."

आतून काहीच आवाज नाही. लेस्टर खुर्ची लोटून दाराशी धावला.

ओपल उशीला टेकून बसली होती. वायर तिच्या बोटांत होती.

"टीम गाव सोडून गेली, लेस्टर. मैदानही पाडलं. दुरुस्तीची ठोकाठोक कुठली आणि पाडापाडी कुठली, एवढं कळतं मला. एप्रिलपासून दोन्हीकडून तूच खेळतोयस. मग मेल्या, एकदा तरी जिंकव की!"