खुणेने सांगा

क्रेन चालवायच्या नोकरीचा तिचा पहिला दिवस. निघताना मोठ्या बहिणीने बजावलं होतं, "नोकरी पक्की होईपर्यंत तोंडाला कुलूप. एकदा कळलं ना, की घरी बसवतील."

पण क्रेनची शिडी चढण्याआधी तिने मुकादमांना गाठलंच. "काका, माझ्या मेंदूची घडण वेगळी आहे. कान चांगले आहेत, पण गोंगाटात बोललेलं मला उशिरा उमगतं. वॉकीटॉकी नको, हाताने खुणा करा. ओझं सांगाल तिथे ठेवीन, केसभरही चुकणार नाही."

"तुला कुणी विचारलं होतं का?" मुकादम खेकसले.

"नाही. पण ओझ्याखाली माणसं वावरतात. ही नोकरी गेली तर दुसरी बघेन."

मुकादम मागे वळले. मग सगळ्या कामगारांना हाक मारून म्हणाले, "आजपासून खुणा हातानेच. उगाच फाटे फोडायचे नाहीत."

ती शिडीकडे वळली, तसे ते हळूच म्हणाले, "पोरी, मलाही उशिराच उमगतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

आणि 'चढ' अशी खूण करायला त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. त्या हाताला दोनच बोटं होती.