अभ्यासाची बैठक

खिडकीच्या गजांना नाक लावून धाकटी खाली बघत होती. समोरच्या इमारतीखाली टेम्पो उभा होता आणि त्यात चश्मिसच्या घरातलं कपाट चढत होतं. कपाटानंतर पलंग चढणार होता, आणि पलंगानंतर खुद्द चश्मिस. बालवाडीपासूनची मैत्रीण आज हे शहर सोडून चालली होती.

मागे टेबलावरून धाकटीचाच आवाज मोठ्याने इतिहासाचा धडा वाचत होता.

वसतिगृहावर जाताना दादा आपला काच तडकलेला मोबाइल घरी टाकून गेला होता. त्यात तिने चार धडे वाचून रेकॉर्ड करून ठेवले होते. अभ्यास टाळण्यासाठी घेतलेली ही मेहनत परीक्षेत धरली असती, तर पोरीचा पहिला नंबर कुठे गेला नसता.

हे सगळं सुरू झालं पालकसभेपासून. "मुलांना नुसतं 'अभ्यासाला बस' म्हणू नका, तुम्हीही कामाला बसा, मग सवय लागते," असं वर्गशिक्षिकेने सांगितलं आणि आईने ते मनावर घेतलं. दुपारची जेवणं झाली की धाकटीने आतल्या खोलीत मोठ्याने वाचायचं आणि आईने बाहेरच्या खोलीत शिवायला बसायचं. मध्ये दार लोटलेलं. बाहेर पडायचं तर आईच्या समोरूनच.

"तुझा आवाज मला ऐकू आला पाहिजे आणि माझं मशीन तुला," आई म्हणाली होती. "म्हणजे कुणी कुणाला फसवायला नको."

आईलाही या बैठकीची गरज होतीच. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर पडलं होतं आणि दुकानदार रोज फोन करून तिचं डोकं खात होता. "होतच आलंय हो," असं ती त्याला रोज सांगायची.

आज जेवताना धाकटीने विचारून पाहिलं होतं.

"आई, चश्मिस चाललीये. खाली जाऊन येऊ?"

"निबंध झाला?"

"थोडाच राहिलाय."

"दाखव बघू."

वहीत नुसतं शीर्षक होतं. आठवडाभर ते तिथे एकटंच बसून होतं.

"झाला की जा," म्हणत आईने ताट उचललं.

आता निबंध कुणाला सुचतोय! धाकटीचा बेत सोपा होता. दुपारी आई चहा करायला उठते. मशीन थांबलं आणि आई स्वयंपाकघरात गेली, की हळूच सटकायचं, मैत्रिणीला घट्ट मिठी मारायची आणि परत यायचं. तोवर मोबाइल वाचत राहील.

पण मशीन काही थांबेना. घर्रर्र, घर्रर्र, कात्री ठेवल्याचा आवाज, खोकला, पुन्हा घर्रर्र. नेमका आजच आईच्या अंगात कामाचा उत्साह संचारला होता. चहाची वेळ टळून गेली तरी ती उठायचं नाव घेईना.

खाली पलंग चढला. चश्मिसने वर पाहिलं.

"ए, ये ना खाली!"

धाकटीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिचा आवाज इतिहास वाचण्यात गुंतला होता. ओरडली असती तर आईला एकाच वेळी दोन मुली ऐकू आल्या असत्या. तिने दाराकडे बोट दाखवलं, कपाळाला हात लावला, नुसतेच हातवारे केले.

"दोन मिनिटंसुद्धा नाही का गं?" चश्मिसचा आवाज चिरकला. "राहू दे मग!"

धाकटी दाराकडे धावली. कडीला हात लावला. पलीकडे मशीन चालूच होतं. पकडली गेली तर मोबाइल जाणार, वाचनाचं सोंग उघडं पडणार आणि वर्षभर आई शेजारी खुर्ची टाकून बसणार. तिचा हात आपोआप खाली आला.

ती खिडकीशी परतली तेव्हा चश्मिस चष्मा काढून डोळे पुसत होती. मग ती टेम्पोत चढली, आणि टेम्पो कोपऱ्यावरून वळला.

धाकटीला रडू कोसळलं. मग रडण्याचा राग झाला. गेला खड्ड्यात तो मोबाइल! तिने दार धाडकन उघडलं.

"गेली ती! तुझ्या या बैठकीपायी न भेटता गेली!"

मशीनवर कुणीच नव्हतं. न शिवलेल्या गणवेशांच्या ढिगावर आईचा मोबाइल पडला होता. त्यातून आई खोकली, आणि पुन्हा घर्रर्र सुरू झालं.