गुळगुळीत पाणी

तीस वर्षं लंकेच्या किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या सोमलताने सुट्टीवर आलेल्या परदेशी पोरीला हातवारे करून बजावलं होतं, “लाटा फुटतात तिथे पोह. ते गुळगुळीत पाणी आत ओढतं.” पोरगी हसली आणि नेमकी त्याच पाण्यात उतरली. बघता बघता तिचं डोकं सुपारीएवढं झालं. ती जीव तोडून किनाऱ्याकडे हात मारत होती, तरी मागेच जात होती. “अगं शहाणे, समोर नको, आडवी पोह!” सोमलता ओरडली; पण भाषा कुठे कळणार? कोयता टाकून ती डोक्याचं लाल फडकं फडकावत काठाकाठाने धावत सुटली. पोरीने पाहिलं आणि फडक्याच्या बरोबरीने आडवी वळली. फुटणाऱ्या लाटांनीच तिला वाळूवर आणलं. “खारं पुष्कळ प्यालीस, आता गोड पी,” म्हणत सोमलताने तिला शहाळ्यांपाशी आणलं आणि कोयता उचलला. एका घावात शहाळं फोडणारा तो हात तीनदा हुकला.