साडेपाच हजारांत एक

"पॅक," म्हणत रतिलालअप्पांनी पुन्हा पानं पालथी टाकली. त्यांचा पुतण्या ललित यानेही टाकली. जावई भूपेशने हसत हसत सगळे चिंचोके पुढ्यात ओढले. सकाळपासून तो एकही डाव हरला नव्हता.

"हे सगळं गणित आहे, मामा," तो सासऱ्यांना म्हणाला. "आता बघा, तीन एक्के येण्याची शक्यता साडेपाच हजारांत एक. माणूस उगाच घाबरतो आणि पानं टाकून देतो."

अप्पांनी मान डोलावली. शहाद्याच्या पंचक्रोशीत तीन पत्तीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आज ऐन आखाजीच्या सणाला त्यांचं पार पानिपत चाललं होतं.

कडुनिंबाच्या झोक्यावर बसलेल्या त्यांच्या लेकीचा, दीपमालाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. भूपेशला विमा कंपनीतली नोकरी सोडायची होती आणि मोबाइलवर पोकर खेळून संसार चालवायचा होता. तिने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी अट घातली, आखाजीला माझ्या माहेरच्यांना हरवा, मग खुशाल सोडा नोकरी. काल आल्या आल्या तिने वडलांना बजावलंही होतं, "अप्पा, त्यासले चांगलं हरावा!" खरं तर ती स्वतःच खेळली असती, पत्ते ती अप्पांकडूनच शिकली होती. पण आखाजीला पत्ते पुरुषांचे आणि झोका बायकांचा.

भूपेशने मोबाइल काढला. राजीनामा त्यात लिहून तयारच होता.

दीपमालाने पाय टेकून झोका थांबवला. तरातरा आली आणि अप्पांची पालथी पानं उलटी केली. तीन एक्के! ललितची पाहिली. बदामचे राजा, राणी, गुलाम. दुऱ्यांची जोडी घेऊन जिंकलेला भूपेश गोरामोरा झाला.

"मामा, ही पानं टाकलीत तुम्ही?"

अप्पाच ओशाळले. "जवाईबुवा, तुमनी पह्यली आखाजी शे. घर येल जवाईले कोनी हरावस का?"

"मग माझं गणित?"

"ते बी चांगलं शे," अप्पा घाईघाईने म्हणाले.

दीपमालाने नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला, बाजूला ठेवला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"तुम्ही काय मन्हा जवाई नहीत," ती म्हणाली. "वाटा पानं."